मदत हवी आहे: जिताडा गरवायचा काळ कोणता, पावसाच्या तोंडावर की नवरात्रानंतर?

नमस्कार मंडळी,

रायगडात जिताडा (खाडीतला बारामुंडी मासा) गरवणाऱ्या, म्हणजे गळाने पकडणाऱ्या, जाणकारांचा सल्ला हवा आहे. मी रॉड-रीळवर मासेमारी करतो, बहुतेक वेळा रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखाशी, कधीमधी धरमतर खाडीच्या आतल्या अंगाला.

सगळे सांगतात की मोठा जिताडा हवा असेल तर पहिल्या पावसात खाडीच्या तोंडाशी जा. ते खरंच आहे. वर गोड्या, मचूळ पाण्यात वाढलेला जिताडा तेव्हा अंडी घालायला मुखाकडे उतरतो, कारण अंड्यांना खारं पाणी लागतं. पिल्लं मग भरतीबरोबर खाडीत, खाजणात शिरतात. पण माझं मन अडतं ते इथेच. जिताडा आधी नर असतो आणि साधारण सहा-आठ वर्षांचा झाला की मादी होतो. म्हणजे त्या दिवसांत गळाला लागलेला मोठा मासा बहुधा गाबोळीने भरलेली मादीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, किनाऱ्यावरून गरी टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही. तरी त्या मादीला हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पाऊस ओसरल्यावरचा काळ धरायचा विचार आहे. नवरात्रानंतर पाणी निवळलं की हे मासे पुन्हा आत सरकतात का, की मुखाजवळच्या खडकांत रेंगाळतात? खारेपाटात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सुकतीला (ओहोटीला) पाणी सुटतं, त्याबरोबर कोलंबी आणि बारीक बोय मासळी वाहत येते, आणि जिताडा धारेच्या कडेला सावलीत दबा धरून असतो. रात्री टॉर्च मारला की त्याचे डोळे लालसर चमकतात. माझा अंदाज चतुर्थी-पंचमीचा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, ती तीन-पावणेचारला येते, म्हणजे तिन्हीसांज बरोबर सुकतीत सापडते. उधाणाला ओढ फार, त्यात आमिष ठरत नाही. हा हिशोब तुमच्याकडे जुळतो का?

आमिषाला जिवंत बोय की कोलंबी? आणि पुढची दोरी किती जाड ठेवता? त्याच्या गालफडाची धार चांगली नायलॉन कापते.

थंडीत जिताडा आमिष घेत नाही म्हणतात. दिवाळीनंतर कुणाला मिळाला असेल तर तिथी आणि भरती-सुकतीची वेळ जरूर लिहा. जागा नाही सांगितलीत तरी चालेल.