सिम्युलेटरमध्ये वैमानिकाचा श्वास मोजायचा की नाही?

फुटाळा_फ्लायर
रविवारी आपल्या नागपूर ग्रुपच्या सिममधल्या (संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरमधल्या) मोहिमेत माझ्या पी-51 मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या शेपटीकडच्या भागाला गोळ्या लागल्या. ऑक्सिजनच्या बाटल्या त्याच बाजूला, वैमानिकाच्या मागे असतात. मी 26,000 फुटांवर होतो आणि पुढचा अर्धा तास तिथंच लढत राहिलो. काही झालं नाही, कारण आपल्या सिममध्ये ऑक्सिजनचा हिशेबच नाही.

मस्टँगचं कॉकपिट प्रेशराइज्ड नाही, म्हणजे आत हवेचा दाब टिकवलेला नसतो. 25,000 फुटांवर ऑक्सिजन तुटला तर माणूस जेमतेम तीन ते पाच मिनिटं कामाचा राहतो, 35,000 वर अर्धा ते एक मिनिट. इंजिनाचं तेल किती तापलं ते आपण अंशाअंशानं मोजतो आणि ते इंजिन चालवणाऱ्याचा श्वास मोजत नाही. बाटलीतला दाब, रेग्युलेटर, गळती, सगळं यायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

धंतोलीचा_विंगमन
मला नाही पटत, भाऊ. मी घरी कूलरसमोर बसलोय, माझ्या मेंदूला ऑक्सिजन पुरेपूर मिळतोय. मग सिम करणार काय? स्क्रीनच्या कडा काळ्या करणार. कडा काळ्या दिसल्या की मी लगेच स्टिक पुढे ढकलून 10,000 च्या खाली येणार. हायपॉक्सियात, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्यावर, माणसाला नेमकं हेच सुचत नाही! म्हणजे खोटंच शिकवणं झालं. एरवी तो चेकलिस्टमधला आणखी एक स्विच. हॉर्नेट या जेट लढाऊ विमानात डाव्या कन्सोलवर ओबॉग्स (विमानातच ऑक्सिजन तयार करणारी यंत्रणा) चालू करा, फ्लोचा नॉब फिरवा, झालं. तीच मेहनत डॅमेज मॉडेलवर, म्हणजे गोळी लागल्यावर विमान कसं मोडतं त्यावर, घेतली तर सगळ्यांना दिसेल.

फुटाळा_फ्लायर
"आणखी एक स्विच" म्हणून सोडू नका. ऑगस्ट 2005 मध्ये सायप्रसच्या हेलिओस विमान कंपनीच्या बोइंग 737 मध्ये प्रेशरायझेशनचा (आतला हवेचा दाब राखण्याचा) स्विच मॅन्युअलवर राहिला होता. भोंगा वाजला, पण वैमानिकांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला आणि ऑक्सिजनअभावी ते बेशुद्ध पडले. विमान ऑटोपायलटवर फिरत राहिलं आणि शेवटी ग्रीसमध्ये कोसळलं. 121 माणसं गेली. तो स्विचच होता.

वायुसेनानगर_निवृत्त
पोरांनो, मी एअरक्रूमध्ये होतो, शेवटची वर्षं इथं नागपुरात काढली. उंचीवरची विरळ हवा जमिनीवरच अनुभवायला लावणाऱ्या चेंबरमध्ये बसलेला माणूस म्हणून सांगतो. आत 25,000 फुटांइतका दाब करतात, मास्क काढायला लावतात आणि हातात कागद देतात: 100 मधून 7 वजा करत जा. मी भराभर लिहीत होतो. छान चाललंय, आपल्याला काही होत नाही, असंच वाटत होतं. मास्क परत लावल्यावर कागद पाहिला. 72, 65, पुन्हा 65, मग 56, आणि पुढे नुसती तिरपी रेघ.

दुसरी गोष्ट माझ्या जास्त लक्षात राहिली. मास्क लावताच समोरच्या तक्त्यावरचा लाल रंग एकदम उजळला. तो फिका पडला होता हे तोवर कळलंच नव्हतं.

म्हणून काळ्या कडांबद्दल धंतोलीवाल्याचं बरोबर आहे. पण ऑक्सिजनच नको, हे बरोबर नाही. रंग चार मिनिटांत इतके हळू उतरवा की डोळ्याला पत्ता लागू नये. रेडिओवरचा एखादा शब्द गाळा. इशारा एकही देऊ नका. मस्टँगमध्ये प्रत्येक श्वासाला उघडमीट करणारं ब्लिंकर असतं. ते थांबलंय हे ज्यानं बघितलं तो वाचेल.

धंतोलीचा_विंगमन
काका, ब्लिंकरचं पटलं. तुमचा तो 65 दोनदा लिहिलेला कागद डोळ्यांसमोरून जात नाही. पण घड्याळ लावलं की लोक घड्याळाशी खेळतात. चार मिनिटं ठरलेली असतील तर पावणेचार मिनिटं वर लढून खाली सूर मारतील. खऱ्या माणसाचं असं नसतं. थकवा, थंडी, सिगारेट, प्रत्येकाचा आकडा वेगळा.

फुटाळा_फ्लायर
मग दर उड्डाणाला तीन ते पाचच्या मधला कुठलाही आकडा येऊ द्या, खेळाडूला न सांगता.

धंतोलीचा_विंगमन
सरावात जरूर. स्पर्धेत नको. दोन तास मेहनत करून नशिबानं टाकलेल्या आकड्यावर मी हरणार नाही. माझं हे मत बदलायचं नाही.

फुटाळा_फ्लायर
नशीब कसलं? गोळी बाटलीला लागते की पंखाला, तेही तुमच्या हातात नसतं. ते मात्र तुम्ही स्पर्धेतही मान्य करता.

बरं, सिममध्ये येईल तेव्हा येईल. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांत इंटरकॉमवर ठरावीक वेळानं प्रत्येकाची ऑक्सिजनची हजेरी घेत. आपणही घेऊ. येत्या रविवारी 20,000 च्या वर गेलो की दर दहा मिनिटांनी प्रत्येकानं गेजवरचा दाब बोलायचा. जो बोलणार नाही त्याच्या विंगमननं (जोडीनं उडणाऱ्या साथीदारानं) त्याला खाली घेऊन यायचं, समोर शत्रू असला तरी.

वायुसेनानगर_निवृत्त
दहा नको, पाच मिनिटं ठेवा. 25,000 वर दहा मिनिटांनी विचाराल तर उत्तर द्यायला कोणी शुद्धीवर नसेल.

धंतोलीचा_विंगमन
पाच चालेल. पहिली हजेरी मी घेतो.