जनऔषधीची गोळी सुरू केली आणि पाचव्या दिवसापासून झोप उडाली

मिरजेच्या बाई
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय ४७. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून रात्री-अपरात्री छाती धडधडून घाम फुटायचा. दोनदा ईसीजी काढला, काही निघालं नाही. मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी दिली, महिन्याभरात फरक पडला. डॉक्टर पुढे पुण्याला गेले, मी त्याच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणत राहिले.

यंदा लेकीच्या इंजिनिअरिंगची फी आली आणि गोळ्यांचे महिन्याचे पाचशे रुपये डोळ्यांत खुपायला लागले. पट्टीवरचं नाव कागदावर उतरवलं, एस्सिटॅलोप्रॅम १०, आणि जनऔषधी केंद्रातून महिन्याच्या गोळ्या आणल्या. शंभराची नोट दिली, वर सुटे परत मिळाले! पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आज नववा दिवस. हात एवढे थरथरतात की फळ्यावर रेघ सरळ येत नाही, चौथीतली पोरं हसतात. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. ह्यांचं म्हणणं, स्वस्तातलं आणलंस, आता भोग. जेनेरिकमध्ये औषध कमी घालतात का?

नाशिककर
घालत असणार! मी बीपीची गोळीसुद्धा कंपनीचीच घेतो. जिवापेक्षा पैसा मोठा नाही.

काउंटरमागचा
ताई, बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. जेनेरिकवर खापर फोडण्याआधी जुनी पट्टी असेल तर उलटी करून सगळं वाचा. नावापुढे ‘प्लस’ वगैरे काही आहे का?

मिरजेच्या बाई
देवघराच्या खणात सापडली. हो, प्लस आहे. मागे एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम आणि त्याखाली क्लोनाझेपॅम ०.५ मिलिग्रॅम. मी वरचीच ओळ उतरवून नेली होती. हे दुसरं काय?

काउंटरमागचा
मला वाटलंच. तुमची गोळी जोडगोळी होती, तुम्ही त्यातली एकच आणलीत. दुसरी, क्लोनाझेपॅम, ही घबराट शमवणारी, झोप आणणारी, शरीराला सवय लावणारी गोळी. ती शरीरातून निम्मी उतरायलाच साधारण ३०-४० तास घेते, म्हणून पहिले चार दिवस कळलं नाही. दोन वर्षं रोज घेऊन ती एकदम तुटली की झोप उडते, हात कापतात, आवाजाला दचकायला होतं. कुणाकुणाला फिटही येते. तेव्हा उद्या नाही, आजच डॉक्टर गाठा. जुनी गोळी परत घ्यायची का, किती, हे त्यांनाच ठरवू द्या. तोवर स्कूटर चालवू नका, आणि फिट आली किंवा भ्रमिष्टासारखं वाटलं तर थेट हॉस्पिटल.

नाशिककर, एस्सिटॅलोप्रॅम मुळात डेन्मार्कच्या लुंडबेकची. आपल्याकडे ‘कंपनीची’ म्हणून घेतो त्या बहुतेक गोळ्याही जेनेरिकच, वर बारसं केलेलं. रक्तात औषध किती उतरतं ते मूळ औषधाशी ताडून बघतात आणि तो हिशेब ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसावा लागतो. लोक त्याचा अर्थ ‘गोळीत वीस टक्के औषध कमी’ असा लावतात, तो साफ चूक. आता फरक कधीच पडत नाही असंही म्हणणार नाही. अमेरिकेत २०१२ साली बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाची ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक मूळ गोळीच्या तोडीची नाही म्हणून बाजारातून काढली गेली. पण ती पोटात सावकाश विरघळणारी गोळी होती. ताईंची तशी नाही.

गावठी प्रश्न
डॉक्टरच चिठ्ठीवर औषधाचं खरं नाव का लिहीत नाहीत? २०२३ च्या ऑगस्टमध्ये तसा नियम आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. आपण बसायचं पट्ट्या वाचत.

मिरजेच्या बाई
त्याच संध्याकाळी सांगलीला जाऊन आले. आज आठवडा झाला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाल्या, ही दुसरी गोळी पहिली लागू पडेपर्यंत काही आठवड्यांपुरती असते, दोन वर्षं कशी चालली? मी आपली पर्सची चेन उघडझाप करत बसले. क्लोनाझेपॅम वेगळी लिहून दिलीय, ती थोडी थोडी कमी करत न्यायची, काही महिने लागतील. एस्सिटॅलोप्रॅम मात्र जनऔषधीचीच ठेवली. काल साडेपाच तास झोपले. ह्यांना पट्टी दाखवली, तर म्हणतात एवढं बारीक छापायचं कशाला. (म्हणजे चूक छपाईची. चालेल.)

काउंटरमागचे दादा, एक विचारायचं राहिलं. पुढच्या महिन्यापासून गोळी अर्धी करायची आहे. तो छोटा कटर मेडिकलमध्ये मिळतो ना? सुरीनं करून बघितली, निम्मा भुगा झाला.