आजीच्या पाचूच्या अंगठीबद्दल मदत हवी आहे
आजीची पाचूची अंगठी गेल्या महिन्यात एका दुकानात साफ करायला दिली, त्यांनी अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये (ध्वनिलहरींनी पाणी हलवून साफ करतात ते) टाकली आणि आता खडा पांढरट दिसतोय, आतल्या रेषा पण एकदम उठून दिसतायत. नंतर वाचलं की पाचूत बारीक भेगा असतातच आणि त्या लपवायला तेल भरतात, ते मशीनमध्ये किंवा गरम पाण्यात निघून जातं. कडकपणा १० पैकी ७.५ ते ८ (मोह्स स्केलवर) असूनही तो ठिसूळ असतो म्हणे. आजीने चाळीस वर्षं रोज घातली हो, म्हणून जीव तुटतोय. पुन्हा तेल भरून घेतलंय का कुणी? पुण्यात कोण करतं, साधारण खर्च किती येतो? तोपर्यंत नुसत्या ओल्या मऊ कपड्याने पुसलं तर चालेल ना?