क्लायंटच्या पायांची ठेवण आणि बॅलन्स कसा तपासता? सल्ला हवाय

केटलबेलवाला:
नमस्कार मंडळी, पर्सनल ट्रेनिंग करतो. नवीन क्लायंट आला की खांदे, कंबर, स्क्वॉट सगळं बघतो पण पायाशी आलो की गाडी अडते, उभं करून बघितलं तर मला निम्म्या लोकांचे तळवे सपाटच वाटतात आणि पुढे काय करायचं ते कळत नाही. मशीन न लागणारी, पटकन होणारी पद्धत सांगा ना कोणीतरी.

फिजिओताई:
बूट-मोजे काढायला लावा, पण "सरळ उभे राहा" म्हणू नका, माणूस लगेच शाळेच्या कवायतीसारखा ताठ होतो. जागच्या जागी थोडी पावलं टाकायला सांगा, थांबला की तसाच राहू दे, हात सैल, नजर समोर. काय बघताय म्हणून तो खाली वाकला की तळव्याची कमान बदलते, मग परत पहिल्यापासून. मागून बघा टाच आत झुकलीय की बाहेर, आणि बाहेरच्या बाजूला किती बोटं दिसतात. नोंद ठेवायची असेल तर फूट पोश्चर इंडेक्स शिकून घ्या, सहा गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला उणे २ ते अधिक २ गुण, अधिक म्हणजे आत झुकलेला. बेरीज ० ते ५ म्हणजे नॉर्मल, म्हणजे थोडा आत झुकलेला पाय नॉर्मलच असतो. निम्म्या लोकांना फ्लॅटफूट ठरवू नका 🙂

पळता_भुई:
ताईंना +१. पण नुसत्या उभ्या पायावरून तो वजन उचलताना काय करेल हे कळत नाही हो. उभा असतानाच त्याचा अंगठा हाताने वर उचलून बघा, कमान वर आली तर सपाटपणा लवचिक आहे. मग एका पायावर उभं करा, डोळे उघडे, ३० सेकंद. इथे बरेच जण घड्याळ बघत बसतात, मी म्हणतो पाय बघा! अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, यातलं आधी काय सुटतं, बोटं जमीन आवळून धरतात का, कंबर कुठे पळते. डोळे मिटून करायचं तर भिंतीजवळच, आणि तेव्हा चांगले चांगले डगमगतात, त्यावरून लेबल लावू नका.

जड_बारबेल:
कमानीचं एवढं कौतुक कशाला? आधी घोटा बघा. पाय भिंतीपासून थोडा लांब ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, अंगठा ते भिंत साधारण १० सेमी अंतर जमलं तर छान. घोटा अडकलेला असला की स्क्वॉटमध्ये पाय आत कोसळतो आणि आपण उगाच तळव्याचे व्यायाम देत बसतो. दोन्ही बाजूंत फरक किती ते लिहून ठेव.

केटलबेलवाला:
भारी! आणि सपाट निघाला तर इनसोल घ्यायला सांगू का?

फिजिओताई:
दुखत नसेल तर नको, आणि ते ठरवणं तुमचं कामही नाही. पण एकच पाय अलीकडे सपाट झालाय, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतंय, त्या पायावर टाच उचलताच येत नाही, किंवा तळव्याला बधिरपणा आहे, तर टेस्ट थांबवून डॉक्टरकडे पाठवा. डायबिटीस आहे का ते आधीच विचारून घ्या, असेल तर तळव्यावर जखम नाही ना तेही बघा.

जड_बारबेल:
आणि परत तपासशील तेव्हा क्रम तोच ठेव, तेही वर्कआउटच्या आधी. लेग डे नंतर कोणीही हलतं.