सामी मुलखातील खूनकथा: धर्मजागृतीच्या काळात खुनाचा हेतू कुठे शोधावा?

अंबाजोगाईकर यांचा प्रश्न:
नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी दीर्घकथा लिहायला घेतली आहे. काळ १८५२ चा, स्थळ उत्तर स्वीडनमधील पायाला हे गाव आणि खुनाचा छडा लावणारी व्यक्ती म्हणजे तिथले पाद्री लार्स लेवी लेस्टाडियस. हे गृहस्थ खरोखरच होऊन गेले. त्यांचा जन्म १८०० सालचा. १८२६ पासून ते करेसुआंदो येथे आणि १८४९ पासून पायाला येथे पाद्री होते, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनही त्यांचे नाव होते. त्यांच्या प्रवचनांमुळे सामी लोकांत (म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातील मूळ रहिवाशांत) धर्मजागृतीची मोठी लाट उठली आणि अनेकांनी दारू सोडली. माझ्या कथेत जून महिन्यातील एका रात्री, अंधाराचा फायदा घेऊन, रेनडिअर राखणाऱ्या एका तरुणीचा खून होतो. खुनी आहे भक्तीच्या उन्मादात भान हरपलेला एक अनुयायी. आमच्या वाचनमंडळात मात्र हा शेवट कोणालाच पटला नाही. एक ज्येष्ठ सदस्य तर म्हणाले, "सप्ताहात नाचणारा माणूस असा लपूनछपून खून करील का?" माझे नेमके काय चुकते आहे?

गोदाकाठ यांचे उत्तर:
सर, हेतूकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, जी दिसायला किरकोळ आहे पण सगळी कथा आडवी पाडील. पायाला आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस आहे, त्यामुळे जूनच्या मध्यरात्री तिथे सूर्य मावळतच नाही. आपल्या खुन्याला अंधार हवा असेल तर त्याला निदान ऑगस्टच्या अखेरीपर्यंत थांबवावे लागेल.

दुसरे असे की, बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत तेव्हा कोणाजवळच नव्हती. कोलकात्यात ठशांचे कार्यालय निघाले तेच १८९७ साली. मग आपल्या पाद्रीबुवांजवळ काय होते? वनस्पती ओळखणारी नजर. सामी लोक पायमोज्यांऐवजी पादत्राणांत लव्हाळ्याच्या कुळातील गवत कापून, वाळवून, कुटून मऊ करून भरत. मृतदेहाजवळ अशा गवताची चिमूट सापडली, आणि ते कोणत्या दलदलीतील आहे हे लेस्टाडियसने ओळखले, तर तो पुरावा त्याच्या विद्येतूनच आलेला असेल, लेखकाने वरून टाकलेला वाटणार नाही. रेनडिअरचे कानही विसरू नका. प्रत्येक मालकाची कान कापण्याची खूण वेगळी असते, आणि ती बघून जनावर कोणाचे हे जाणकार क्षणात सांगतो. चोराला म्हणूनच आधी ते कान नाहीसे करावे लागतात. आपल्याकडच्या धनगरांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

मांजरातीर यांचे उत्तर:
आपल्या ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे मला पटते. प्रवचन ऐकताना लोक रडत, उड्या मारत, एकमेकांच्या गळ्यात पडत, हे खरे आहे, आणि आपल्या वाचकाला ते 'अंगात येणे' या शब्दांनी चटकन कळेल. मात्र त्या उन्मादालाच खुनाचे कारण केले की रहस्य उरत नाही, कारण वेडाला हेतू लागत नाही आणि रहस्यकथा तर हेतूवरच उभी असते.

या जागृतीचे खरे वैशिष्ट्य होते ते सर्वांसमक्ष पाप कबूल करणे आणि नुकसान भरून देणे. माणसे उभी राहून सांगत, मी अमक्याचे जनावर चोरले होते, आणि त्याची भरपाई करत. आता विचार करा, चोरी एकट्याने होत नाही. एकाने, आपल्या भाषेत सांगायचे तर, माळ घातली, त्याला पश्चात्ताप झाला आणि येत्या रविवारी तो सगळे सांगणार आहे असे गावभर झाले, तर त्याच्या जोडीदाराची झोप उडणारच. आपली तरुणी कशाची साक्षीदार होती ते ठरवा. मग अनुयायी खुनी असण्याची गरज राहत नाही. ज्याने अजून माळ घातलेली नाही, किंवा घालून सोयीचे तेवढेच कबूल केले आहे, तो मला जास्त संशयास्पद वाटतो. दारू विकणारा आणि उधारीच्या वहीत सामी कुटुंबे अडकवून ठेवणारा व्यापारी हा सगळ्यांनाच सुचेल असा आरोपी आहे. त्याच्यावर वाचकाचा संशय जाऊ द्यावा, पण शेवटी तो सुटावा.

माहूरकर यांचे उत्तर:
१८५२ हे वर्ष आपण निवडलेच आहे, तर काउतोकेइनो टाळता येणार नाही. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला सीमेपलीकडे, नॉर्वेतील त्या गावात, जागृतीने भारलेल्या सामींच्या एका गटाने दारू विकणारा व्यापारी आणि सरकारी अंमलदार यांना ठार केले आणि तिथल्या पाद्र्याला मारहाण केली. अस्लाक हेट्टा आणि मोन्स सोम्बी यांचा १८५४ मध्ये शिरच्छेद झाला. त्यांची डोकी अभ्यासासाठी म्हणून नेण्यात आली आणि दफनासाठी परत मिळायला १९९७ साल उजाडले. कोवळ्या वयाच्या लार्स हेट्टाची मृत्युदंडाची शिक्षा कमी होऊन जन्मठेप झाली, आणि त्याने तुरुंगात बायबलचे सामी भाषेत भाषांतर केले. (हा एक माणूसच स्वतंत्र कादंबरीचा विषय आहे.)

या घटनेत खुनी कोण हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना माहीत होते. वाद आजही आहे तो कारणांचा. त्याच सप्टेंबरमध्ये रशियाच्या ताब्यातील फिनलंडची सीमा नॉर्वेच्या रेनडिअर पाळणाऱ्यांना बंद झाली होती, म्हणजे कळपांची हिवाळी चराई तुटली. वर दारू, उधारी आणि खटले होतेच. दंड ठोठावणाऱ्या अधिकाऱ्यांनी मात्र सगळा दोष प्रवचनांवर टाकला आणि लेस्टाडियसला आपली बाजू मांडत बसावे लागले. आपल्या कथेतील खून ऑक्टोबरात झाला, तर तपास चालू असतानाच ही बातमी पायालात येऊन थडकेल, आणि मग गावातील अधिकाऱ्यांना भक्तांपैकीच कोणीतरी खुनी हवासा वाटेल. तुमचा आजचा शेवट तेव्हा त्या अधिकाऱ्यांच्या तोंडी घालता येईल.

एक विनंती. निवेदनात सामींसाठी 'लॅप' हा शब्द वापरू नये, तो हिणवणारा आहे. अधिकाऱ्याच्या तोंडी आला तर चालेल.

अंबाजोगाईकर:
सर्वांचे आभार. जूनचा अंधार वाचून स्वतःचेच हसू आले. खून आता ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होईल, अनुयायी निर्दोष असेल, आणि मुलीने कान छाटून नाहीसे केलेले एक रेनडिअर पाहिलेले असेल. गोदाकाठ, एवढे मात्र सांगा: पादत्राणांत भरून महिनाभर तुडवलेले गवत कोणत्या जातीचे हे कितपत ओळखता येते? माझा सगळा शेवटचा भाग आता त्यावरच अवलंबून आहे.

गोदाकाठ:
पाने चुरडली तर अवघड आहे. मात्र कापताना चुकून एखादे बोंड सोबत आले असेल, तर लेस्टाडियसला ते पुरेसे आहे. मुलीच्या मुठीत तेच ठेवा.