अनुभव धागा: घरातला उशिरा आलेला चष्मा

लालबागची चिमणी:
काल दादरला पुलाखाली रेडिमेड चष्मेवाल्याकडे एक मावशी एकेक चष्मा लावून सुईत दोरा ओवून बघत होत्या. मी हातातली लोकल सोडली आणि उभीच राहिले.
माझी आई चाळीत साड्यांना फॉल लावून द्यायची. शाळेला निघण्याआधी दहा सुया ओवून कॅलेंडरला टोचून ठेवणं हे माझं काम. दहा संपल्या की शेजारच्या पोराला हाक. 'चाळिशी लागली' म्हणजे म्हातारपणाचा दाखला, असं तिला वाटायचं, आणि पैसे तर नव्हतेच. साड्या मात्र हळूहळू कमी यायला लागल्या. शेवटी मामाने धरून नेलं. चष्मा आला त्या दिवशी तिने तयार होऊन पडलेली साडी उचलली आणि आपलाच फॉल उसवायला बसली. टाके वाकडे, सुलट बाजूला दिसणारे. "इतके दिवस कुणी बोललं कसं नाही गं?" बोललं नव्हतं कुणी, नुसतं यायचं बंद केलं होतं.
लिहा तुमचेही.

पाठचा बाक:
शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले, मी रांगेत पुढच्यांचं ऐकून अख्खा तक्ता पाठ केला. नजर एकदम फर्स्टक्लास! मग आठवीपर्यंत 'ढ'. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचो, त्याच्या चुकांसकट. बेस्टच्या पाटीवरचा मराठी आकडा १ की ९ ते कळेपर्यंत बस पुढे गेलेली. निघाला मायनस साडेतीन.

कांदेपोहे:
आमच्या आत्याने बघण्याच्या कार्यक्रमात चष्मा काढून ठेवला आणि मुलाऐवजी त्याच्या मेव्हण्याला निरखून होकार दिला. लग्न मुलाशीच झालं हो.

पाठचा बाक:
मेव्हणा बरा होता का?

कांदेपोहे:
आत्या अजून सांगत नाही.

आकडेमोड:
चिमणीताई, तुमच्या आईची गोष्ट एकटीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात जवळचं दिसत नाही आणि त्यावर उपाय झालेला नाही अशी ८२ कोटी ६० लाख माणसं धरली आहेत. आसामात चहाच्या मळ्यातल्या चाळिशीपुढच्या कामगारांना साधे जवळचे चष्मे देऊन बघितलं (लॅन्सेट ग्लोबल हेल्थ, २०१८). ज्यांना मिळाले त्यांची पानखुड, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. ना नवं यंत्र, ना प्रशिक्षण. फॉलचंही तेच की.

कांदेपोहे:
खुडतानाही चष्मा लागतो? मला वाटलं हाताला सवय असते.

आकडेमोड:
कोवळं पान कुठलं, जून कुठलं, ते डोळाच सांगतो.

काचवाला:
चष्म्याच्या दुकानात २० वर्षं काढली, म्हणून दोन शब्द. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरपा नंबर (चिठ्ठीवर 'सिलिंडर' लिहितात तो) नसेल तर जवळच्या कामाला पुलाखालचा प्लस दीड-दोनचाही चालतो, त्याला नावं ठेवू नका. पण लहान मुलाला असा उचलून देऊ नका, तपासूनच. आणि चाळिशीनंतर एकदा डोळ्याचा दाब बघून घ्या. काचबिंदू सुरुवातीला काही कळू देत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. साखर असेल तर पडदाही दरवर्षी.
आमच्याकडे एक जोडपं यायचं, दोघांत एक चष्मा. पेपर आधी कोणी वाचायचा यावर भांडण. दुसरा घ्या म्हटलं तर काका म्हणाले, मग भांडायचं कशावर?

रात्रपाळी:
बाबा टॅक्सी चालवायचे. समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात हे त्यांनी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. लायसन जाईल ही भीती. रात्रपाळी सोडली, तेव्हा आम्ही आळशी म्हणालो. मोतीबिंदू होता. जास्त लिहवत नाही.

लालबागची चिमणी:
रात्रपाळी, आमच्याकडेही असंच काय काय बोलून झालंय. बाबा आता बरे ना?

रात्रपाळी:
ऑपरेशन झालं, मस्त आहेत. आता माझं ड्रायव्हिंग सुधारतात.

पोळपाट:
मधेच विचारते, तांदूळ निवडायला हल्ली कुणी बसतं का? सासूबाईंना खडा दिसत नाही आणि कबूलही करत नाहीत. काल दाढ गेली माझी. आणि चिमणी, त्या मावशींनी चष्मा घेतला का?

लालबागची चिमणी:
घेतला. त्याने वाचून बघायला पेपर पुढे केला तर म्हणाल्या, "वाचायला नकोय मला." दीडशेचा शंभरला केला, आणि ओवलेली सुई तशीच पदराला टोचून गेल्या.