मोठ्या कुत्र्यासाठी फ्लर्ट पोल: शांत करतो की चेकाळवतो?

कुळागर

जर्मन शेफर्ड, डोबरमन, लॅब्राडोर किंवा मॅलिनॉइस घरात असेल तर पावसाचे चार महिने कसे जातात हे गोव्यात कुणाला वेगळं सांगायला नको. मग कुणीतरी सुचवतं, फ्लर्ट पोल आणा, पंधरा मिनिटं पळवा, कुत्रा गप्प पडेल. फ्लर्ट पोल म्हणजे एक दांडी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला चिंधी. आपण मध्ये उभं राहून चिंधी जमिनीलगत फिरवायची, कुत्र्याने मागे धावायचं.

साधन उत्तम आहे, पण पंधरा मिनिटं अखंड पळवणं साफ चूक. कुत्रा निवतो तो मधल्या थांब्यांमुळे, आणि बहुतेक जण नेमके तेच गाळतात.

घरी करायचा तर पाऊण इंची पीव्हीसी पाइप, एक मीटर. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा, नाहीतर आठवड्याभरात तीच दोरी कापते. दोरी ८ मिलिमीटरची, गोफासारखी विणलेली नायलॉनची. ती पाइपच्या आतून ओवून मुठीकडच्या टोकाला जाड गाठ मारा. नुसती बाहेरून चिकटवली तर मोठ्या कुत्र्याच्या एका हिसक्यात निघते. पाइपच्या बाहेर १.८ ते २ मीटर दोरी हवी. काथ्याची दोरी नको, तिची कुसं हिरड्यांत शिरतात. रबरी दोरी मुळीच नको: कुत्र्याने ताणून सोडली की ती थेट तोंडावर येते, त्याच्या नाहीतर आपल्या. पीळ सुटण्यासाठी फिरती कडी लावायची तर दांडीजवळ लावा, चिंधीजवळ लावली तर दातांवर आपटते. चिंधी जुन्या जाड सुती कपड्याच्या पट्ट्यांची वेणी, ३० ते ३५ सेंटीमीटर, बटण-चेन काढून. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासात दात अडकतात.

दांडी हातात घेण्याआधी नुसत्या चिंधीवर ‘सोड’ शिकवा. चिंधी तोंडात असताना ती आपल्या गुडघ्याशी घट्ट धरून निश्चल ठेवायची, ओढायची नाही. मेलेल्या चिंधीत गंमत राहत नाही. तोंड सुटलं की त्याच क्षणी ‘घे’ म्हणून परत द्यायची. सोडलं तर खेळ संपत नाही, उलट सुरू होतो, हे कुत्र्याला कळलं पाहिजे. मग ‘बस’. तो बसलेला असताना चिंधी तीन सेकंद हळू सरकवा, पुढे वाढवत दहापर्यंत. उठला तर चिंधी थांबते, बसून राहिला तर ‘घे’.

हे जमल्यावर एक फेरी अशी: २० सेकंद पाठलाग, पकडू द्या, १० सेकंद ओढाओढी, ‘सोड’, ‘बस’, अर्धा मिनिट थांबा. अशा पाच-सहा फेऱ्या पुरे. आधी पाच मिनिटं चालवा, नंतर दहा मिनिटं सैल साखळीवर हुंगत फिरवा. आठवड्यातून तीनदा. चिंधी कधीच गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका.

मळेवाट

‘सोड’ शिकवण्याची रीत चांगली सांगितलीत, मुळाशी मात्र मी असहमत आहे. पाठलाग हा शिकारीच्या साखळीतला एक दुवा: नजर लावणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, झिंजाडणं. त्यातला सर्वांत पेटवणारा दुवा पुन्हा पुन्हा उगाळायचा आणि वर शांतीची अपेक्षा धरायची? धावण्याने चढलेलं अ‍ॅड्रेनलिन लवकर उतरतं, कॉर्टिसॉल या ताणाच्या दुसऱ्या संप्रेरकाला कितीतरी जास्त वेळ लागतो. खेळानंतर आडवा पडलेला कुत्रा दमलेला असतो, निवलेला असेलच असं नाही. तासाभराने तोच उठून दार खरवडतो. आणि दर महिन्याला त्याचा दम वाढतो. आज सहा फेऱ्यांत भागतं, पुढे दहा लागतात. आपण अस्वस्थ कुत्र्याला धावपटू करून ठेवतो, अस्वस्थता तशीच.

गोव्यातली दुसरी अडचण पोदेराची, म्हणजे पाववाल्याची. सकाळी साडेसहाला भोंगा वाजवत पाव घेऊन सायकल येते. हलणाऱ्या वस्तूमागे सुटायचा सराव झालेला ३५ किलोचा कुत्रा फाटकाशी काय करेल? शेजारच्या कोंबड्या आणि मांजरं तर वेगळीच.

माझा पर्याय नाकाचं काम. सुक्या बांगड्याचा बोटभर तुकडा भोकं पाडलेल्या डबीत घाला. तो खाऊ घालायचा नाही, मीठ फार असतं, फक्त वास. डबी आधी समोरच ठेवा. नाक लावलं की उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा डबीजवळच द्या. मग डबी खुर्चीमागे, मग बलकावातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) बाकाखाली, मग बंद कपाटाच्या फटीशी. अशा आठ-दहा शोधांना पंधरा मिनिटं लागतात आणि ती घरातच होतात, बाहेर पाऊस कितीही कोसळो.

साळकाठ

वादाच्या दोन्ही बाजू डोक्यातल्या गोष्टी बोलत आहेत, मी गुडघ्याबद्दल बोलते. कुत्र्याच्या गुडघ्यातला क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, बहुतेकदा हळूहळू झिजत आलेला असतो आणि एखाद्या गिरकीत तुटतो. लॅब्राडोर आणि रॉटवायलरमध्ये हे जास्त दिसतं. फ्लर्ट पोलमध्ये गिरकीशिवाय आहे काय?

म्हणून दोरीची लांबी ही साधी बाब नाही. एक मीटर दांडी, दोन मीटर दोरी आणि आपला हात धरून साडेतीन मीटर त्रिज्या मिळते. म्हणजे सात-आठ मीटर रुंदीची मोकळी जागा हवी. फ्लॅटच्या गच्चीवर ती नसते. मग लोक दोरी अर्धी करतात, वर्तुळ आवळतं आणि तेवढ्याच वेगाला गुडघ्यावरचा ताण वाढतो. जागा नसेल तर दोरी कापू नका, खेळच बदला. एकाच बाजूने फिरवणं ही दुसरी चूक. उजव्या हाताचा माणूस नकळत सगळ्या फेऱ्या एकाच दिशेने घेतो. एक फेरी डावी, एक उजवी, मध्ये एखादी लांब सरळ ओढ.

जमीन बघा. चिऱ्याची लादी कोरडी असेल तर तळव्यांची साल काढते, पावसात शेवाळ धरलं की घसरते. घरातल्या टाइल्स तर नकोतच. भात कापल्यावरचं शेत मोकळं दिसतं खरं, पण धसकटं तळव्यात आणि डोळ्यात घुसतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि शिरांवर ताण येतो. ओहोटीनंतरची ओली, दाबलेली वाळू त्यातल्या त्यात बरी. सपाट गवताचं अंगण सर्वांत चांगलं, फक्त नंतर कानामागे, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधायची.

पिल्लांना हा खेळ नको. मोठ्या जातींच्या हाडांची वाढीची टोकं साधारण १२ ते १८ महिन्यांत मिटतात, ग्रेट डेनसारख्यांची त्याहून उशिरा. तोवर फक्त ‘बस’, ‘घे’, ‘सोड’ आणि चालण्याच्या वेगाने सरकणारी चिंधी.

एक खूण लक्षात ठेवा. नेहमी सरळ बसणारा कुत्रा एक मागचा पाय बाजूला फेकून बसायला लागला, किंवा झोपून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडला, तर पोल बंद आणि गुडघा तपासून घ्या.

शापोरा

मळेवाट, पोदेराचं उदाहरण तुम्ही उलट्या बाजूने घेतलंत. मॅलिनॉइसला पाठलाग शिकवावा लागत नाही, तो जन्मजात असतो. प्रश्न एवढाच की त्याला मधेच थांबता येतं का, आणि ते शिकवायला फ्लर्ट पोलसारखं दुसरं साधन नाही, कारण इथे सावज आपल्या हातात असतं. ‘थांब’ म्हटल्यावर कुत्रा नाही थांबला तर चिंधी थांबते. सायकल थांबत नाही.

पायऱ्या: आधी मेलेल्या चिंधीवर ‘थांब’, मग हळू सरकणाऱ्या, मग वेगात असलेल्या. दहापैकी आठ वेळा जमल्याशिवाय पुढची पायरी नाही. थांबला की बक्षीस म्हणून लगेच ‘घे’, खाऊ नको. ज्याच्या डोळ्यांत चिंधी भरली आहे त्याला बिस्कीट दिसतच नाही.

चिंधी दर फेरीला पकडू द्या. लेझरच्या ठिपक्यामागे पळवलेली कुत्री पुढे सावल्या आणि भिंतीवरचे कवडसे शोधत बसतात, कारण तिथे हाती काहीच लागत नाही. पोलवर चिंधी सतत हुकवत राहिलात तर तेच होण्याचा धोका. माणसाला हुकवण्यात मजा वाटते, कुत्र्याचं डोकं मात्र फिरतं.

मळेवाट

@शापोरा, हातातलं सावज थांबवता येतं हे मान्य. पण अंगणात चिंधीवर जमलेला ‘थांब’ रस्त्यावर आपोआप चालत नाही. मधली पायरी कुणी सांगत नाही: चिंधी दुसऱ्या माणसाच्या हातात, कुत्रा पाच मीटरच्या दोरीवर आपल्याकडे. मग घरच्याच माणसाने सायकल चालवायची, ३० मीटरवरून, आणि कुत्रा खाऊ घेतोय तोवरच अंतर कमी करायचं. खाऊ नाकारला म्हणजे अंतर फार कमी झालं. हे केल्याशिवाय पोदेराच्या वेळी फाटक उघडं ठेवायचं नाही, एवढं तरी लिहा.

चिरेबंदी

तुमच्या चर्चेत उकाडा कुठेच आला नाही आणि गोव्यात तो कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. कुत्र्याला घाम फक्त तळव्यांना येतो, बाकी अंग मुख्यतः धापा टाकून गार होतं. धापेचं काम ओल उडण्यावर चालतं. हवा आधीच ओलीचिंब असेल तर ओल उडणार कशी? लोक मे महिन्यात सांभाळून राहतात आणि जुलैत पावसाची उघडीप मिळाली की तासभर पळवतात. पारा उतरलेला असतो, दमटपणा टिपेला असतो. पहाटेचंही तसंच. ऊन नसतं, पण दमटपणा दिवसातला सर्वांत जास्त असतो. मला समुद्रावरून वारा सुटल्यानंतरची संध्याकाळ बरी वाटते, जमीन निवली असेल तर. हाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवता येत नसेल तर घरी चला.

जीभ बघायला शिका. साधी धाप असेल तर जीभ निमुळती राहते. ती टोकाला चमच्यासारखी पसरली, कडा वर वळल्या, लाळ चिकट तारेसारखी लोंबू लागली, की फेरी तिथेच संपवायची. हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या, पाय लडबडले, तर तो उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, ४१ च्या पुढे जिवाशी गाठ. नळाचं पाणी अंगभर ओता, पोट आणि जांघांसकट, आणि समोर पंखा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. आधी गार करा, मग डॉक्टरकडे न्या, आणि गाडीतही एसी लावा.

बॉक्सर, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना हा खेळ नाहीच. डोबरमन, शेफर्ड, ग्रेट डेन यांना खाण्याच्या एक तास आधी आणि दोन तास नंतर पळवू नका. पोट फुगून पीळ पडला तर काही तासांत खेळ आटोपतो.

किनाऱ्याबद्दलही एक. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. तिथे वाळूत चिंधी नाचवून कुत्र्याला उकरायला शिकवणं म्हणजे घरटी त्याच्या तोंडी देणं. त्या किनाऱ्यांवर पोल नेऊच नका.

कुळागर

चिरेबंदी, दमटपणाचं पटलं. पावसात मी तीनच फेऱ्या सांगेन, थांबे एकेक मिनिटाचे, आणि धाप तोंड मिटण्याइतकी उतरल्याशिवाय पुढची फेरी नाही. साळकाठ, दिशा बदलायचं मी लिहायला हवं होतं.

मळेवाट, दम वाढत जाण्याचा तुमचा मुद्दा फेऱ्या वाढवणाऱ्यांना लागू पडतो. मी फेऱ्या कधीच वाढवत नाही, थांबे वाढवते. पहिल्या आठवड्यात अर्धा मिनिट, दोन महिन्यांनी दोन मिनिटं, मधे चिंधी समोर पडलेली. समोर पडलेल्या चिंधीकडे बघत दोन मिनिटं बसणं हे त्या कुत्र्याला धावण्यापेक्षा जड जातं. शेवटच्या फेरीनंतर मूठभर रोजचं खाणं गवतात विखरा, पहिल्या दहा मिनिटांत नाक जमिनीला लागलं पाहिजे. इथे तुमचं नाकाचं काम मला हवंच आहे. पण निव्वळ डबी शोधून दीड वर्षाचा मॅलिनॉइस भागेल, हे मला पटत नाही.

मळेवाट

आणि निव्वळ थांबे वाढवून त्याचं कॉर्टिसॉल उतरतं, हे मला पटत नाही. मग मोजू या. दोन आठवडे एक दिवस पोल, एक दिवस डबी, वेळ आणि खाणं तेच. वहीत दोन आकडे लिहायचे: संपल्यापासून हनुवटी जमिनीला टेकेपर्यंत किती मिनिटं, आणि त्यानंतर दोन तासांत कुत्रा स्वतःहून किती वेळा उठून दाराशी गेला. झोपलेला असताना मिनिटाचे श्वासही मोजा, छाती वर गेली की एक. तीसच्या आत यायला किती वेळ लागतो ते बघा. पाणी प्यायला उठला तर ते धरू नका. पोदेर येऊन गेलेला दिवस वेगळा मांडा, नाहीतर दोन्हीकडचे आकडे बिघडतील.

साळकाठ

तिसरा रकाना माझा: दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कसा उठतो. आणि पोल वापरून झाला की उंच खुंटीला टांगा. अंगणात पडून राहिला तर कुत्रा एकटाच दोरी चघळतो, आणि पोटात गेलेला दोरीचा तुकडा आतड्यात अडकतो.